समुद्रशेवाळाच्या वाणांची हिमनिद्रा

घराघरांत रोज चालणाऱ्या एका साध्या व्यवहारापासून या विषयाला प्रारंभ करणें सोयीचें होईल. रात्रीं गृहिणी कोमट दुधाला चमचाभर दह्याचें विरजण लावते आणि सकाळीं लागलेल्या दह्यांतून पुढच्या दिवसाचें विरजण बाजूला काढून ठेवते. कांहीं घरांत अशी परंपरा वर्षानुवर्षें चालत आलेली असते. परंतु मंडळी आठ दिवस परगांवीं गेली, उन्हाळ्यांत दहीं फार आंबलें, किंवा विरजणाच्या वाटींत भलत्याच बुरशीचा शिरकाव झाला, कीं ती परंपरा तुटते आणि वाटी घेऊन शेजारणीच्या दारीं जावें लागतें. शेजारीं विरजण मिळतें, म्हणून या हानीचें कोणाला कांहीं वाटत नाहीं. पण ज्या जिवंत वस्तूचें विरजण साऱ्या जगांत एखाद्याच घरीं उरलें असेल, तिची वाटी नासली तर काय करावयाचें? समुद्रशेवाळाचे निवडक वाण सांभाळणाऱ्या शास्त्रज्ञांपुढें नेमका हाच प्रश्न असतो. आणि त्याचें त्यांनीं शोधलेलें उत्तर म्हणजे वाण जिवंतपणींच गोठवून ठेवणें हें होय.

समुद्रशेवाळ म्हटलें कीं ओहोटीच्या वेळीं खडकांवरून पाय घसरविणारी एक बुळबुळीत वस्तु, एवढेंच चित्र पुष्कळांच्या डोळ्यांपुढें येतें. वास्तविक शहरांतील घरांशीं या वनस्पतीचा संबंध नित्याचा आहे. मेजवानीच्या दिवशीं ज्या चायना ग्रासची थंडगार वडी पानांत पडते, तें लाल शेवाळांतून काढलेलें द्रव्य आहे. आइस्क्रीम एकजीव राहावें म्हणून त्यांत जें कॅरॅजीनन घालतात, तेंही लाल शेवाळाचेंच. जपानांत तर 'नोरी' नांवाचें शेवाळ हें रोजचें अन्न आहे. त्याच्या कागदासारख्या पातळ, काळसर वड्या भाजून त्यांत भात गुंडाळून खाण्याची चाल तेथें सर्वत्र आढळते. पावसाळ्यांत कोंकण व गोवा येथील खडकांवर जी पोर्फिरा नांवाची शेवाळाची जात उगवते, ती या नोरीचीच नातलग होय. वाण राखण्याची कथा नोरीच्या उदाहरणावरून जितकी स्पष्ट होते, तितकी दुसऱ्या कशावरूनही होणार नाहीं.

टोकियोच्या उपसागरांत नोरीची शेती काही शतकें चालत आली होती. उथळ पाण्यांत बांबूंच्या व झाडांच्या फांद्या रोवावयाच्या, थंडी पडली कीं त्यांवर नोरीचीं कोवळीं पातीं आपोआप धरावयाचीं, आणि हिवाळाभर तीं कापून वाळवावयाचीं, असा तो क्रम. वसंत ऋतु सरतांच नोरी नाहींशी होई आणि शरद् ऋतूंत पुन्हां प्रकट होई. मधले महिने ती कोठें असते, तिचें बीज कोठून येतें, हें शेतकऱ्यालाही ठाऊक नव्हतें आणि पंडितालाही नव्हतें. बीं न पेरतां पीक काढावयाचें, म्हणजे सर्वस्वीं दैवावर हवाला. ज्या वर्षीं बीज आलें नाहीं, त्या वर्षीं उपासमार.

या कोड्याचा उलगडा जपानपासून हजारों मैल दूर, इंग्लंडांतील मँचेस्टर येथें झाला. कॅथलीन ड्रू-बेकर या विदुषी तेथील विद्यापीठांत शेवाळाचा अभ्यास करीत. विवाहित स्त्रियांना नोकरींत ठेवावयाचें नाहीं, या त्या काळच्या नियमामुळें लग्नानंतर त्यांची अध्यापकाची जागा गेली होती. तरीही संशोधन त्यांनीं सोडलें नाहीं. ब्रिटिश किनाऱ्यावरील पोर्फिरा घेऊन त्यांनीं प्रयोग केले, तेव्हां असें दिसून आलें कीं, तिचीं बीजें शिंपल्याच्या कवचांत शिरतात आणि आंत सूक्ष्म, गुलाबी तंतूंच्या रूपानें वाढत राहतात. हे तंतु शास्त्रज्ञांना नवे नव्हते. १८९२ सालीं बॅटर्स यांनीं 'कॉन्कोसेलिस' या नांवानें त्यांची एक निराळी वनस्पति म्हणून नोंदही केलेली होती. पातें आणि तंतु या दोन भिन्न जाती नसून एकाच जीवाच्या दोन अवस्था आहेत, हें ड्रू-बेकर यांनीं ऑक्टोबर १९४९ मध्यें 'नेचर' या साप्ताहिकांत प्रसिद्ध केलें.

जपानांत क्यूशू विद्यापीठांतील सोकिचि सेगावा यांनीं हें ज्ञान तेथील जातींना लावून पाहिलें, आणि कुमामोतो प्रांतांतील फुसाओ ओता यांनीं कालवांच्या शिंपल्यांत तंतु वाढवून त्यांपासून जाळ्यांवर बीज धरण्याची व्यवहारी पद्धति बसविली. दैवाधीन असलेलें पीक मनुष्याच्या हातीं आलें. ड्रू-बेकर १९५७ सालीं वारल्या. जपान त्यांनीं कधींच पाहिला नाहीं. परंतु नोरीच्या शेतकऱ्यांनीं १९६३ सालीं उतो येथें समुद्राकडे पाहणारें त्यांचें स्मारक उभारलें, आणि दरवर्षीं एप्रिलच्या १४ तारखेस तेथें त्यांच्या स्मरणार्थ मंडळी जमतात.

येथपर्यंतची हकीकत सुखाची आहे. परंतु बीज हातीं आलें, त्याबरोबर तें राखण्याची जबाबदारीही आली. पूर्वीं समुद्र देईल तें बीज शेतकरी घेत असे. आतां तो निवड करूं लागला. चिबा प्रांतांतील नारावा येथें निवडलेला 'सुसाबि-नोरी'चा लांब पात्यांचा वाण भरघोस पीक देतो असें दिसतांच तो सर्वत्र पसरला. ज्या 'असाकुसा-नोरी'वर टोकियोची शेती उभी होती, ती मागें पडली. त्यांतच टोकियोच्या कोळ्यांनीं १९६२ सालीं आपले मासेमारीचे हक्क सोडून दिले, किनाऱ्यावर भराव पडले, आणि उथळ चिखलाचे जे पट्टे असाकुसा-नोरीचें माहेर होते ते आटले. एके काळीं घरोघर खाल्ली जाणारी ही जात आज जपान सरकारच्या नामशेष होऊं घातलेल्या जातींच्या यादींत आहे.

एक वाण सर्वत्र पसरणें हें पिकाच्या दृष्टीनें जितकें लाभाचें, तितकेंच धोक्याचें. सारे रोप एकाच स्वभावाचे असले म्हणजे एका रोगानें किंवा एका उष्ण हंगामानें सारेच संकटांत सापडतात. २००० सालच्या अखेरीस सुरूं झालेल्या हंगामांत क्यूशूच्या आरिआके समुद्रांतील नोरी विटून गेली आणि शेतकऱ्यांवर मोठा प्रसंग ओढवला. २०२२-२३ च्या हिवाळ्यांतही तेथें पीक फार कमी आलें. उद्यां समुद्र अधिक तापला, तर उष्णता सोसणारा गुण कोणत्या तरी जुन्या, आज निरुपयोगी वाटणाऱ्या वाणांतच शोधावा लागेल. तो वाण तोंपर्यंत जिवंत राहिला पाहिजे, हा खरा मुद्दा होय.

गहूं, जोंधळा यांचें बीं वाळवून कणगींत ठेवतां येतें. शेवाळाला तसें बीं नाहीं. त्याचा वाण राखावयाचा म्हणजे कांचेच्या कुपींत, पोषक द्रव्यें घातलेल्या समुद्राच्या पाण्यांत, ठराविक उजेडांत व ठराविक थंडाव्यांत त्याचे तंतु जिवंत ठेवावयाचे, आणि कांहीं आठवड्यांनीं अथवा महिन्यांनीं त्यांतील अंश नव्या कुपींत घालावयाचा. म्हणजे पुन्हां विरजणच. शेंकडों वाणांचें असें विरजण वर्षानुवर्षें लावीत बसणें किती नाजूक काम आहे, याची कल्पना सहज येईल. एखादी कुपी परक्या जंतूंनीं नासते. एखाद्या कुपीवरची चिठ्ठी दुसरीवर लागते. वीज जाते आणि खोली तापते. सांभाळणारा विद्वान् निवृत्त होतो आणि त्याच्या जागीं कोणी येत नाहीं. याहून सूक्ष्म अशी आणखी एक हानि आहे. तंतु वाढतो तो पेशींच्या विभागणीनें, आणि प्रत्येक विभागणींत आनुवंशिक मजकुराची नक्कल करावी लागते. नकलेवरून नक्कल करीत गेलें म्हणजे कोठें तरी चूक शिरावयाचीच. कुपींतील सुखाच्या आयुष्याला ज्या चुका बाधत नाहींत, त्या तशाच टिकून राहतात. वीस वर्षांनीं कुपींत नांव जुनें असतें, पण वाण तोच असतो असें छातीठोकपणें सांगतां येत नाहीं.

यावर उपाय एकच : वाढच थांबवावयाची. वाढ थांबली म्हणजे नक्कल नाहीं, आणि नक्कल नाहीं म्हणजे चूकही नाहीं. परंतु जिवंत वस्तूची वाढ थांबवून तिचा प्राण मात्र शाबूत ठेवावयाचा, हें कसें साधावें? टोमॅटो फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यांत रात्रभर ठेवून सकाळीं बाहेर काढला, तर तो लिबलिबीत होऊन त्याला पाणी सुटतें. कारण पेशींत पाणी असतें, गोठतांना त्या पाण्याचे अणकुचीदार स्फटिक बनतात, आणि तें जागाही अधिक व्यापतें. त्यामुळें पेशींचीं नाजूक आवरणें फाटतात. थंडी स्वतः फारशी मारीत नाहीं. मारतो तो बर्फ.

बर्फाला आवर घालण्याचा मार्ग योगायोगानें सांपडला, आणि नवल असें कीं, तोही त्याच ऑक्टोबर १९४९ मध्यें, त्याच 'नेचर' साप्ताहिकांत, ड्रू-बेकर यांच्या लेखापूर्वीं दोनच आठवडे प्रसिद्ध झाला. लंडनजवळील मिल हिल येथील संस्थेंत पोल्ज, स्मिथ व पार्क्स हे कोंबड्याचें रेत गोठवून टिकविण्याच्या प्रयत्नांत होते. फळांतील साखरेचें द्रावण वापरून यश येत नव्हतें. एके दिवशीं त्याच साखरेची समजून घेतलेली बाटली वापरली असतां, गोठवलेलें रेत वितळल्यावर सचेतन आढळलें. बाटली तपासली, तों तींत साखर नसून ग्लिसरीन निघालें. चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली होती! ग्लिसरीन पेशींत शिरतें, तेथील पाण्याला बिलगून राहतें, आणि त्याला सहजासहजीं स्फटिक होऊं देत नाहीं. पुढें १९५९ सालीं लव्हलॉक व बिशप यांनीं दाखवून दिलें कीं, डायमिथाइल सल्फॉक्साइड नांवाचें द्रव्य हेंच काम करतें, आणि तें पेशींत अधिक लवकर शिरतें. शेवाळाच्या कामीं आज बहुधा तेंच वापरतात.

केवळ रक्षक द्रव्य असून भागत नाहीं. थंड करण्याची गतीही साधावी लागते. द्रावण हळूहळू थंड करीत गेलें, तर बर्फ प्रथम पेशीच्या बाहेर धरतो. बाहेरचें पाणी बर्फांत अडकल्यामुळें उरलेलें द्रावण अधिकाधिक खारट होतें, आणि तें पेशींतील पाणी बाहेर खेंचून घेतें. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलें म्हणजे त्यांना पाणी सुटून त्या आक्रसतात, तसाच हा प्रकार. आंतील पाणी असें निघून गेल्यावर गोठण्यासारखें आंत फारसें उरत नाहीं. परंतु हें काम अति सावकाश चाललें, तर पेशी त्या तीव्र खारटपणांत फार काळ राहून मरते. अति घाईनें चाललें, तर पाणी बाहेर पडण्यापूर्वींच आंत बर्फ धरतो. या दोन मृत्यूंच्या मधली अरुंद वाट प्रत्येक जातीसाठीं निराळी असते. अमेरिकेंतील पीटर मझूर व त्यांचे सहकारी यांनीं १९७२ सालीं हा द्विविध धोका स्पष्टपणें मांडला, आणि तेव्हांपासून गोठवण्याचें काम अंदाजाचें न राहतां हिशोबाचें झालें.

नोरीच्या शेतकऱ्यांनीं या हिशोबाची वाट पाहिली नाहीं. ओहोटीच्या वेळीं उघड्या पडलेल्या खडकांवर नोरीचें पातें वाऱ्या-उन्हांत वाळून कडक होतें, आणि भरती येतांच पुन्हां टवटवीत होऊन वाढूं लागतें. अंगांतील बहुतेक पाणी गमावूनही जगण्याची विद्या तिला निसर्गानेंच शिकविलेली आहे. हें पाहून १९६० नंतरच्या दशकांत जपानांत एक युक्ति रूढ झाली. कोवळीं पातीं धरलेलीं जाळीं पाण्याबाहेर काढून अर्धवट वाळवावयाचीं, प्लास्टिकच्या पिशव्यांत बंद करावयाचीं, आणि उणे २० अंश सेल्सिअसच्या सुमारास गोठवून ठेवावयाचीं. पहिलें पीक रोगानें गेलें, तर गोठवलेलीं जाळीं समुद्रांत टाकावयाचीं; पातीं वाढूं लागतात. पाणी आधींच काढून टाकलें असल्यामुळें बर्फाला आंत वाव मिळत नाहीं. एका हंगामापुरता हा विमा उत्तम आहे. परंतु त्या तपमानांत पेशींतील रासायनिक घडामोडी मंदावतात, अजीबात थांबत नाहींत. त्यामुळें पिढ्यान्पिढ्या वाण राखावयाला तो पुरत नाहीं.

त्यासाठीं द्रवरूप नायट्रोजनाचा आश्रय घ्यावा लागतो. हवेंतला हा वायु उणे १९६ अंशांवर द्रवरूपांत असतो. साधारण उणे १३० अंशांच्या खालीं पेशींतील उरलेलें पाणी कांचेसारखें घट्ट होतें. रेणूंची हालचाल इतकी कुंठित होते कीं रासायनिक घडामोड म्हणून कांहीं उरतच नाहीं. तेथें दहा वर्षें व दहा दिवस यांत जवळजवळ भेद राहत नाहीं. १९९० नंतरच्या दशकांत जपानी संशोधकांनीं नोरीचे तंतु अशा रीतीनें राखून दाखविले. रीति थोडक्यांत अशी : तंतूंचे बारीक तुकडे रक्षक द्रव्य व थोडी शर्करावर्गीय वस्तु मिसळलेल्या समुद्रजलांत भिजवून लहान नळ्यांत भरावयाचे, त्या नळ्या यंत्राच्या साहाय्यानें हळूहळू उणे ४० अंशांपर्यंत थंड करावयाच्या, म्हणजे पाणी बाहेर पडावयाला अवसर मिळतो, आणि मग त्या एकदम द्रवरूप नायट्रोजनांत बुडवावयाच्या.

जागे करण्याची कृति याच्या नेमकी उलट. नळी बाहेर काढतांच कोमट पाण्यांत धरून झटपट वितळवावयाची. येथें रेंगाळलें तर वितळतां वितळतांच नवे स्फटिक वाढून घात करतात. मग रक्षक द्रव्य धुऊन काढावयाचें, कारण पेशी जागी झाल्यावर तेंच तिला विषासमान होतें. नंतर कांहीं काळ तंतूंना अंधारांत किंवा अगदीं मंद उजेडांत ठेवावें लागतें. दुखावलेल्या पेशीला प्रखर प्रकाश पचवितां येत नाहीं. आजारांतून उठलेल्या माणसाला पहिल्या दिवशीं पंचपक्वान्नें वाढूं नयेत, तसेंच हें. कांहीं पेशी मरतात, कांहीं जगतात, आणि जगलेल्यांपासून तोच वाण पुन्हां वाढतो. या परीक्षेंत उतरल्याशिवाय एखादा वाण राखला गेला असें म्हणतां येत नाहीं.

सर्वच शेवाळांना ही रीति सारखी लागू पडत नाहीं. नोरीचा तंतु केसाहून बारीक आहे, तिचें पातेंही एका पेशीच्या जाडीचें आहे. रक्षक द्रव्य तेथें सर्वत्र पोंचतें आणि पाणी सर्व बाजूंनीं बाहेर पडूं शकतें. जाड, मांसल शेवाळांत बाहेरच्या पेशींना मानवणारी गति आंतल्या पेशींना मानवत नाहीं. आणि दुर्दैवानें भारताच्या दृष्टीनें महत्त्वाचें शेवाळ याच वर्गांतलें आहे. कॅरॅजीनन देणारी कॅपाफायकस ही जात भावनगरच्या केंद्रीय मीठ व समुद्री रसायनें संशोधन संस्थेनें १९८४ सालीं जपानमधून आणून प्रथम ओखा येथें लावली. पुढें तामिळनाडूच्या किनाऱ्यावर तिची शेती वाढली आणि कोळ्यांच्या कुटुंबांतील अनेक स्त्रियांना तिनें रोजगार दिला. पण ही शेती बियांची नव्हे, छाटणीची आहे. उंसाच्या कांड्या लावाव्या तसे शेवाळाचे तुकडे दोरीला बांधून पुन्हां पुन्हां लावतात. २०१३ सालानंतर तेथें पीक मोठ्या प्रमाणावर मरूं लागलें आणि उत्पन्न एकाएकीं खालीं आलें. तुकड्यावरून तुकडा काढीत आलेल्या बेण्याला असा फटका बसला, म्हणजे निरोगी मूळ बेणें कोणीतरी जपून ठेवलें आहे कीं नाहीं, हा प्रश्न शास्त्राचा न राहतां पोटाचा होतो.

गोठवून ठेवलेला वाण म्हणजे समुद्राचा पर्याय नव्हे, हेंही येथें ध्यानांत घेतलें पाहिजे. नळींतील तंतु बदलत नाहीं, म्हणजे शिकतही नाहीं. बाहेर समुद्र तापत असतां, रोग नवीं रूपें घेत असतां, तो ज्या दिवशीं निजला त्या दिवशींच्या जगाला जुळलेला राहतो. म्हणून असाकुसा-नोरीला नळीही हवी आणि जेथें ती आपल्या बळावर वाढेल असा चिखलाचा किनाराही हवा.

शिवाय गोठवण्यानें मनुष्याची जागल संपत नाहीं, केवळ सोपी होते. द्रवरूप नायट्रोजन हा सतत उडून जाणारा पदार्थ आहे. भांडें कितीही उत्तम असो, त्यांत ठराविक दिवसांनीं भर घालावी लागते. ती चुकली कीं वर्षांनुवर्षांची निद्रा एका आठवड्यांत भंगते, आणि ती जाग मरणाची असते. यास्तव जाणते संग्राहक एकाच भांड्यावर विसंबत नाहींत. वाणाचा दुसरा हिस्सा दूरच्या दुसऱ्या संस्थेंत ठेवतात, म्हणजे आग, भूकंप वा निष्काळजीपणा दोन्ही ठिकाणीं एकदम पोंचूं नये. विरजणाची वाटी नासल्यावर शेजारणीचें दार ठोठावणारी गृहिणी जें शहाणपण रोज आचरते, तेंच हें. जें राखावयाचें तें दोन घरीं असावें, आणि दोन्ही घरांत कोणीतरी जागें असावें.